आघाडी सरकार : स्थैर्य आणि उत्तरदायित्व

आघाडी सरकारला अस्थिर म्हणून नावे ठेवण्याचा प्रघात आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थैर्य आणि उत्तरदायित्व यांचा ऊहापोह केला. दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी शासनपद्धती अद्याप सापडलेली नाही. म्हणून मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले, असे त्यांनी स्पष्ट केले.

या कसोटीवर विश्वनाथ प्रताप सिंह यांचे राष्ट्रीय आघाडी सरकार अभ्यासण्याजोगे आहे. डिसेंबर १९८९ मध्ये ते भाजप व डाव्या पक्षांच्या बाहेरील पाठिंब्यावर सत्तेवर आले. बाहेरून पाठिंबा देणाऱ्यास सरकारवर अंकुश ठेवता येतो, मात्र कारभाराची जबाबदारी त्याच्यावर नसते. हेच त्या सरकारचे दौर्बल्य ठरले. भाजपने पाठिंबा काढला आणि ७ नोव्हेंबर १९९० रोजी ते पडले.

तथापि त्या अकरा महिन्यांत बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षांनी बौद्धांना केंद्राने अनुसूचित जातींत समाविष्ट केले. मंडल आयोगाचा अहवाल १९८० पासून पडून होता; मध्यंतरी लोकसभेत चारशेहून अधिक जागा असलेले सरकारही येऊन गेले. अखेर इतर मागासवर्गीयांना केंद्रीय नोकऱ्यांत २७ टक्के आरक्षण या अल्पायुषी सरकारने जाहीर केले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले.

सरकार गेले, निर्णय टिकले. आपल्या मुलामुलींच्या हाती असलेली जातप्रमाणपत्रे त्याची साक्ष देतात. म्हणून कोणत्याही शासनाचे मूल्यमापन करताना त्याच्या कार्यकाळाबरोबर त्याने कोणाचे प्रश्न सोडविले, हेही सुजाण नागरिकाने तपासावे.