पाण्याच्या हिशेबाने पहिली परसबाग

ज्या घरची दहा एकर सोयाबीन उभी आहे, त्या घरात मेथीची जुडी आठवडी बाजारातून येते, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांत नवी राहिलेली नाही. बाजार आठवड्यातून एकदा भरतो. त्यामुळे पहिले दोन दिवस पालेभाजी आणि पुढचे पाच दिवस बटाटा, बेसन नाही तर नुसती डाळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि केवळ पालेभाजी खाऊन तो बरा होईल असे कोणी समजू नये. परंतु रोजच्या जेवणात थोडी हिरवी भाजी आणि लिंबाची फोड असणे हा उपायाचा एक भाग आहे, आणि तो घराच्या परसात होऊ शकतो.

परसबागेची हौस पुष्कळांना असते. मृगाचा पाऊस पडला की बियाण्याची पाकिटे आणून सर्व जागेत एकदम टोकली जातात. श्रावणात तण माजते, दिवाळीनंतर पाणी कमी पडू लागते आणि होळीपर्यंत परसात वांग्याची चार खुंटे उरतात. दोष बहुधा बियाण्याचा किंवा जमिनीचा नसतो. पाणी न मोजता जागा ठरवलेली असते. म्हणून प्रथमच परसबाग करणाऱ्यांनी आधी पाणी मोजावे आणि मगच दोरी लावावी.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडील अवर्षणप्रवण भागात हिवाळ्यात भाजीपाल्याला दररोज सरासरी ३ ते ४ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे चौरस मीटरला ३ ते ४ लिटर. एप्रिल-मे महिन्यांत हीच गरज ७ लिटर किंवा त्याहून अधिक होते.

पाच माणसांच्या कुटुंबाची वर्षभराची भाजी पिकविण्यासाठी सर्वसाधारणपणे दोन ते अडीच गुंठे जागेची शिफारस केली जाते. ती योग्यच आहे. पण अडीच गुंठ्यांतील वाफ्यांना हिवाळ्यातसुद्धा रोज सहाशे ते सातशे लिटर पाणी लागेल. विहिरीवर मोटार व ठिबक संच असेल तर ते जमते. हातपंपावरून बादलीने पाणी आणावयाचे असेल, तर नवख्याने पाव गुंठा, म्हणजे ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद एवढीच जागा घ्यावी. यात प्रत्यक्ष वाफ्यांचे क्षेत्र सुमारे १६ चौरस मीटर बसते. त्याला हिवाळ्यात रोज जास्तीत जास्त ६५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या चार-साडेचार बादल्या पुरतात. या बादल्या कोण आणणार, हे घरात आधीच बोलून ठरवावे. सगळा भार घरच्या बाईवर पडला, तर बाग सुगीच्या पहिल्याच आठवड्यात सुकते, आणि त्यात तिचा काही दोष नसतो.

नहाणीचे पाणी वाया घालवू नये, मात्र ते सर्व पिकांना देऊ नये. पूर्वी नहाणीच्या मोरीवर अळू, केळ व कर्दळ लावण्याची पद्धत होती, ती शास्त्राला धरूनच आहे. साबणाचे पाणी खडी व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून सोडून केळी, पपई व अळूला द्यावे. कपड्यांच्या सोड्याचे व भांड्यांचे तेलकट पाणी वाफ्यात येऊ देऊ नये. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना विहिरीचे किंवा हातपंपाचे स्वच्छ पाणीच द्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी कोणत्याही वाफ्यात टाकण्यास हरकत नाही. पाणी मचूळ असेल तर पालक व बीट बऱ्यापैकी तग धरतात. घेवडा, गाजर व कांदा मात्र अशा पाण्यावर नीट येत नाहीत.

जागा आणि सावली

जागेला दिवसातून किमान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. येथे एक चूक फार होते. पावसाळ्यात पाहिलेले ऊन हिवाळ्यात त्याच जागी राहत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मध्य महाराष्ट्रात त्या वेळी ३ मीटर उंच भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे जवळजवळ पावणेतीन मीटर पडते. म्हणून घराच्या उत्तरेस बाग करावयाची असल्यास भिंतीपासून किमान ३ मीटर जागा सोडावी. दक्षिणेची किंवा पूर्वेची मोकळी जागा मिळाल्यास उत्तम. कढीपत्ता, शेवगा, कागदी लिंबू ही झाडे बागेच्या उत्तर बाजूस लावावीत, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर येणार नाही. जवळ मोठा कडुनिंब असेल तर त्याच्या मुळ्या वाफ्यातले पाणी ओढतात, हेही लक्षात घ्यावे.

कुंपणाचा विचार पेरणीनंतर करू नये. पहिल्या महिन्यात किडींपेक्षा शेजारची शेळी आणि घरच्याच कोंबड्या अधिक नुकसान करतात. बाभळीच्या काट्या किंवा जुनी जाळी, जे मिळेल ते आधी लावावे.

सुरुवात केव्हा करावी

नवीन माणसाने पहिली परसबाग रब्बीत धरावी असे आमचे मत आहे. खरिपात तण व रोग अधिक, शेतीकामाची घाईही अधिक, आणि काळ्या जमिनीत वाफ्यात पाणी साचते. दसऱ्याच्या सुमारास थंडी सुरू होते, पालेभाज्या झपाट्याने वाढतात आणि हाताला सवय लागते. जागेची तयारी सप्टेंबरअखेर करून ठेवावी.

अंगणाची जमीन पायाखाली दबलेली असते व तिच्यात विटा-चुन्याचे तुकडे असतात. ती ३० सें.मी. खोल खणून दगड-विटा वेचून काढाव्यात व आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावी. चौरस मीटरला ४ ते ५ किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. तिन्ही वाफ्यांना मिळून सात-आठ घमेली पुरतील. ताजे शेण टाकू नये. त्यामुळे हुमणी व वाळवीला आमंत्रण मिळते.

वाफ्याची रुंदी १.२ मीटर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोचतो व वाफ्यात पाय देण्याची गरज पडत नाही. ५ मीटर रुंदीत असे तीन वाफे, त्यांच्यामध्ये ४५ सें.मी. चे दोन रस्ते आणि कडेला पाव-पाव मीटर जागा बरोबर बसते. वाफ्यांची लांबी साडेचार मीटर ठेवून उरलेला अर्धा मीटर आडव्या रस्त्यासाठी सोडावा. हलक्या जमिनीत सपाट वाफे करावेत. भारी काळ्या जमिनीत वाफे १५ सें.मी. उंच ठेवल्यास पुढे पावसाळ्यातही उपयोगी पडतात.

पालेभाज्यांचा वाफा

बागेतील सर्वांत महत्त्वाचा वाफा हाच, आणि बहुतेकांचे येथेच चुकते. सबंध वाफ्यात एकाच दिवशी मेथी पेरली की पाचव्या आठवड्यात चार-पाच किलो भाजी एकदम तयार होते. ती खाऊन संपत नाही, शेजारी वाटावी लागते, आणि सहाव्या आठवड्यापासून पुन्हा बाजार आहेच.

त्याऐवजी साडेचार मीटर वाफ्याचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे नऊ तुकडे पाडावेत. पाच तुकडे मेथीसाठी ठेवून दर आठवड्यास एकच तुकडा पेरावा. मेथी ३० ते ३५ दिवसांत काढणीस येते. म्हणजे पाचवा तुकडा पेरून होतो तोच पहिला तयार होतो. तो उपटून थोडे शेणखत घालून पुन्हा पेरावा. एका तुकड्यातून सुमारे अर्धा किलो, म्हणजे घराला एक वेळची भाजी मिळते. बी फार लागत नाही. एका तुकड्यास दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा ते पाऊण चमचा मेथी पुरे. १५ सें.मी. अंतरावर ओळी ओढून दीड-दोन सें.मी. खोल पेरावे. कसुरी मेथी सावकाश वाढते, म्हणून पहिल्या वर्षी साधी मेथी बरी.

दोन तुकड्यांत पालक पेरावा. ऑलग्रीन किंवा पुसा ज्योती ही जात घ्यावी. पहिली कापणी महिन्याभराने व पुढे दर १५ ते २० दिवसांनी, अशा तीन-चार कापण्या मिळतात. कापताना जमिनीपासून चार-पाच सें.मी. भाग ठेवावा. उरलेल्या दोन तुकड्यांत कोथिंबीर पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावी. धने चपलेने हलके रगडून त्याचे दोन भाग करावेत व रात्रभर पाण्यात भिजवावेत. अख्खे धने उशिरा व विरळ उगवतात.

बाकीचे दोन वाफे

दुसऱ्या वाफ्यात फळभाज्यांची रोपे दोन ओळींत ६० सें.मी. अंतरावर लावावीत. ओळीत वांगी ६० सें.मी. वर, टोमॅटो व मिरची ४५ सें.मी. वर. या हिशेबाने वांग्याची चार, टोमॅटोची आठ व मिरचीची सहा रोपे बसतात आणि घरखर्चाला तेवढी पुष्कळ होतात. वांग्यात मांजरी गोटा, मिरचीत फुले ज्योती किंवा पुसा ज्वाला या जाती घरगुती वापरास चांगल्या. मिरचीचे रोप तयार होण्यास सहा आठवडे लागतात. अठरा रोपांसाठी स्वतंत्र रोपवाटिका करण्यापेक्षा पहिल्या वर्षी खात्रीच्या रोपवाटिकेतून रोपे आणावीत. लागवड सायंकाळी करून लगेच पाणी द्यावे.

तिसऱ्या वाफ्यात मुळा, गाजर, पातीसाठी कांदा व थोडा लसूण घ्यावा. हिवाळ्यासाठी मुळ्याची पुसा हिमानी ही जात चांगली. पुसा चेतकी उन्हाळा-पावसाळ्यासाठी राखून ठेवावी. पुढील हंगामात वाफ्यांची अदलाबदल करावी. वांगी, टोमॅटो व मिरची ही एकाच कुळातील पिके असल्याने एकाच वाफ्यात पाठोपाठ घेतल्यास मर रोग व सूत्रकृमी वाढतात. तिन्ही वाफ्यांत रोपांच्या ओळींमध्ये सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट ५ सें.मी. जाडीचे पसरावे, त्यामुळे पाण्याची बरीच बचत होते.

फवारणीबाबत

कपाशीवर मारून उरलेले औषध परसातल्या वांग्यावर कदापि मारू नये. पंप रिकामा करावयाचा म्हणून हे सर्रास घडते. वांगे दुसऱ्या दिवशी ताटात येते आणि कोणतेही औषध तेवढ्यात निघून जात नाही. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावर वापर करण्यास तर २००५ पासूनच बंदी आहे. अठरा रोपांची निगराणी हाताने होऊ शकते. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसला की आत अळी आहे असे समजून तो अळीसह खुडून जाळावा. मावा दिसल्यास पाण्याचा जोराचा फवारा मारावा. त्याने न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून सकाळी दुहेरी फडक्याने गाळावी, चिमूटभर कपडे धुण्याच्या साबणाचा चुरा मिसळून सायंकाळी फवारावा. अर्क त्याच दिवशी संपवावा.

उन्हाळ्यात बाग आखडती घ्यावी

फेब्रुवारीअखेर पाण्याची गरज दुपटीकडे जाऊ लागते. विहिरीचा अंदाज घेऊन दोन वाफे मोकळे सोडावेत व एकाच वाफ्यात गवार, चवळी किंवा भेंडी टोकावी. यात कमीपणा काही नाही. साडेपाच चौरस मीटरच्या एका वाफ्याला ऐन उन्हाळ्यातही तीन बादल्या पुरतात. मोकळ्या वाफ्यांची माती उन्हात तापू द्यावी. पाऊस सुरू होताच कुंपणाच्या उत्तर व पश्चिम बाजूस दोडका, कारली व दुधीचे वेल चढवावेत. दोन वेलांमध्ये जुना झिरपणारा माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवल्यास पावसाच्या उघडिपीत तो दोन-तीन दिवसांनी एकदा भरला तरी वेल सुकत नाहीत.

मेथीचा शेवटचा तुकडा व कोथिंबिरीची एक ओळ जानेवारीत न कापता राखावी. मार्चअखेर शेंगा व धने वाळले की सकाळी दव असताना काढावेत, म्हणजे बी गळत नाही. सावलीत वाळवून राखेत घोळून डब्यात ठेवावे. पुढच्या दसऱ्याला हेच बी पेरता येते. संकरित टोमॅटो व मिरचीचे बी मात्र असे धरू नये. त्याची झाडे एकसारखी निघत नाहीत.