नाताळच्या भेटीवर तिळाची चांदणी : खाता येईल अशी सजावट



डिसेंबर आला की आपल्या लातूर-नांदेडकडे थंडीला धार चढते. घरोघरी येळवशीची म्हणजे वेळ अमावस्येची तयारी सुरू होते. २५ डिसेंबरला नाताळ असतो आणि पुढे साधारण वीस दिवसांनी संक्रांत येते. वर्गात नाताळच्या भेटी द्यायच्या ठरल्या, की आपण चमकीचा कागद आणि प्लॅस्टिकच्या चांदण्या आणायला पळतो. भेट उघडली की हे सगळं कचऱ्यात जातं. यंदा सजावटच खाता येईल अशी केली तर?

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत पूर्वी नाताळच्या झाडाला सफरचंदं, अक्रोड आणि साखरेची मिठाई टांगत. युरोपात 'शुगरप्लम' नावाचा गोड पदार्थ होता. एखाद्या बीवर साखरेच्या पाकाचे थरावर थर चढवून तो करत. १८९२ च्या 'नटक्रॅकर' या नाताळच्या नृत्यनाट्यातली परी याच नावाची आहे. आता आठवा बरं, बीवर पाक चढवून आपण काय करतो? बरोबर, संक्रांतीचा काटेरी हलवा! नववधूचे आणि बाळाच्या बोरन्हाणाचे दागिने याच हलव्याचे असतात.

हलवा असा करा

साहित्य : २ चमचे तीळ, १ वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, १ चमचा दूध.

साखर-पाणी उकळा. त्यात दूध घाला, म्हणजे मळी वर येईल. ती काढून टाका आणि एकतारी पाक करा. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर तीळ घ्या. चमचाभर पाक टाका आणि तीळ कोरडे होईपर्यंत बोटांनी सारखे हलवत राहा. मग पुढचा चमचा. आच वाढली तर काटे वितळतात, पाक जास्त पडला तर गोळे होतात. घाई चालत नाही. दोन-तीन दिवस थोडा थोडा वेळ द्यावा लागतो.

काटे कुठून येतात? २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. पाक निवताना आणि त्यातलं पाणी उडताना जास्तीची साखर स्फटिक होऊन तिळावर बसते. थंड, कोरडी हवा असली की काटे छान येतात. ढगाळ, दमट दिवशी मात्र हा उद्योग करू नका.

चांदणी अशी करा

१ वाटी तीळ भाजून घ्या. पाऊण वाटी चिरलेला गूळ १ चमचा तुपात वितळवा. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाका. तो कडक होऊन 'टण' वाजला की तीळ मिसळा. तूप लावलेल्या पोळपाटावर लगेच लाटा आणि गरम असतानाच सुरीने चांदण्या कापा. एका टोकाला काडीने भोक पाडा. ४ चमचे पिठीसाखरेत लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून घट्ट लेप करा आणि त्याने हलव्याचे दाणे चांदणीवर चिकटवा. वाळली की जाड सुती दोरा ओवून भेटीच्या डब्याला बांधा.

हे मात्र विसरू नका

आपली सजावट 'खाण्याची' आहे, म्हणून ती नुसती दिसायला गोड असून चालणार नाही. दुकानातले हलव्याचे अनेक दागिने गोंदाने चिकटवलेले असतात, आत तार नाहीतर टाचणी असते. ते घालून मिरवायचे, खायचे नाहीत. भेट घरी गेली की धाकटं भावंडं आधी चांदणीच तोंडात घालणार. म्हणून :

१. गोंद, टाचणी, तार, चमकी वापरू नका. दोरा एकच आणि जाड असावा, ओढला की निघणारा.
२. कडक दाणे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. चार वर्षांखालच्या मुलांना हलवा आणि चिक्की देऊ नका.
३. गरम पाक पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो कातडीला चिकटून बसतो. पाकाचं आणि गरम कढईतलं काम मोठ्यांनीच करावं.
४. डब्यावर चिठ्ठी लावा : 'यात तीळ, गूळ, तूप, दूध, साखर आहे.' तिळाची ॲलर्जी असलेल्यांना आणि मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना ती उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. तिळाऐवजी खसखस किंवा साबुदाण्यावर पाक चढवून बघा. काटे सारखेच येतात का?
२. हलव्याचा एक दाणा फोडून भिंगातून बघा आणि चित्र काढा.
३. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा : 'तुमच्या लहानपणी हलवा कोण करायचं?' उत्तर वहीत लिहा.

पहिली चांदणी वाकडी झाली तर टाकू नका. ती खाऊन टाका, दुसरी करा!