लावणीच्या दिवसांत मुलाला ताप आल्यास

पनवेल तालुक्यात भातलावणीची घाई आणि तापाची साथ बहुधा एकाच वेळी येते. लावणीपायी मुलाचे दुखणे अंगावर काढू नये.

ताप काखेत थर्मामीटर लावून मोजावा व वेळेसह लिहून ठेवावा. मुलाला गोधडीत गुंडाळू नये. सैल, सुती कपडे घालावेत. बर्फ अथवा गार पाणी लावू नये. तान्ह्याला अंगावर पाजणे चालू ठेवावे. मोठ्या मुलास पेज, डाळीचे पाणी थोडे थोडे, वारंवार द्यावे.

मूल तापाने बेचैन असल्यास पॅरासिटामॉल द्यावे. मात्रा दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम. फवारणीच्या औषधाप्रमाणेच येथेही लेबल वाचावे. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असल्यास १० किलोच्या मुलास ५ मिलिलिटर. २५० असल्यास अडीचच. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे. ॲस्पिरिन देऊ नये.

आकडी आल्यास मुलाला कुशीवर निजवावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये.

तीन महिन्यांखालील बाळाला ताप, आकडी, धाप, गुंगी, सतत उलट्या, लघवी बंद होणे, रक्तस्राव यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पावसाळ्यातील तापात हिवताप व डेंग्यूसाठी रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढतो. तेव्हा ताप उतरला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. मूल खेळते, पिते झाले का, हे पाहावे.