कायझर्सलाउटर्नचा विजय : जर्मनींतील फुटबॉलच्या एका हंगामाचा अभ्यास

खेळाच्या मैदानावर मिळणारा धडा पुस्तकांतील धड्याहून हलक्या योग्यतेचा असतो, अशी समजूत आपल्या समाजांत अजून रूढ आहे. ‘मुलगा खेळांत फार रमतो’ हें वाक्य पालकांच्या तोंडून बहुधा तक्रारीच्या सुरांतच ऐकूं येतें. खेळ व अभ्यास यांचें वैर आहे कीं नाहीं, हा वाद आम्हांस येथें उकरून काढावयाचा नाहीं. एका परदेशीय फुटबॉल स्पर्धेचा एकच हंगाम घेऊन, गणिताच्या तासाला उदाहरण सोडवावें त्या रीतीनें आम्ही त्याचा अभ्यास करणार आहों. त्या हंगामाच्या निकालास जर्मनींतील पुष्कळ लोक चमत्कार म्हणतात. चमत्कार म्हटलें कीं विचार थांबतो. म्हणून आम्हीं हिशेबाची वाट धरिली आहे.

जर्मनींतील सर्वांत वरच्या दर्जाच्या फुटबॉल स्पर्धेस बुंडेसलीगा म्हणतात. ‘बुंड’ म्हणजे संघराज्य. अर्थात् सर्व देशाची मिळून एक स्पर्धा, असा त्या नांवाचा भाव. तत्पूर्वीं पश्चिम जर्मनींत प्रांतवार स्पर्धा होत व त्यांतील अग्रगण्य संघ शेवटीं एकमेकांशीं झुंजत. १९६२ सालीं डॉर्टमुंड येथें भरलेल्या सभेंत ही व्यवस्था बदलण्याचें ठरलें, आणि २४ ऑगस्ट १९६३ रोजीं सोळा संघांनिशीं बुंडेसलीगेचा पहिला हंगाम सुरू झाला. आम्ही ज्या हंगामाविषयीं लिहीत आहों त्यांत, म्हणजे १९९७-९८ सालीं, अठरा संघ होते. प्रत्येक संघानें उरलेल्या सतरा संघांशीं दोन दोन सामने खेळावयाचे. एक आपल्या मैदानावर व एक दुसऱ्याच्या. येणेंप्रमाणें प्रत्येकाचे ३४ सामने होत. विजयास तीन गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य. शेवटीं ज्याचे गुण अधिक तो विजेता. आणि जे तीन संघ तळाशीं राहतील त्यांस दुसऱ्या वर्गांत उतरावें लागे. त्यांच्या जागीं दुसऱ्या वर्गांतील पहिले तीन संघ वर येत. शाळेंत नापास झालेला विद्यार्थी निदान त्याच वर्गांत राहतो. येथें त्यास खालच्या वर्गांत जाऊन बसावें लागतें, इतका हा नियम कठोर आहे.

आतां आपल्या कथेचा नायक पाहूं. नैर्ऋत्य जर्मनींत ऱ्हाइनलंड-फाल्त्स नांवाचें राज्य आहे. त्यांत कायझर्सलाउटर्न हें सुमारें एक लाख वस्तीचें शहर. कायझर म्हणजे सम्राट्, आणि लाउटर ही तेथली लहानशी नदी. बाराव्या शतकांत सम्राट् फ्रेडरिक बार्बारोसा यानें येथें राजवाडा बांधिला होता. पुढें शिवणयंत्रें करणाऱ्या फाफ यांच्या कारखान्यामुळें हें नांव व्यापारांतहि ऐकूं येऊं लागलें. येथील बेत्सेनबर्ग नांवाच्या टेकडीवर फुटबॉलचें क्रीडांगण आहे. त्यास १९८५ सालीं फ्रित्स वाल्टर यांचें नांव देण्यांत आलें. १९५४ सालीं बर्न येथें हंगेरीचा ३-२ असा पराभव करून पश्चिम जर्मनीनें प्रथमच जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां त्या संघाचे कर्णधार हेच होते. आणि त्या दिवशीं मैदानावर उतरलेल्या अकरा खेळाडूंपैकीं पांच जण या एका लहान शहराच्या संघाचे होते. येथील खेळाडूंस ‘तांबडे सैतान’ म्हणतात. हें नांव आमच्या कानांस फारसें गोड लागत नसलें, तरी तेथील आबालवृद्ध तें अभिमानानें मिरवितात.

बुंडेसलीगेच्या स्थापनेपासून ३३ हंगाम हा संघ वरच्या वर्गांत टिकून होता, व १९९१ सालीं तिचा विजेताहि झाला होता. परंतु १९९५-९६ चा हंगाम त्यास अशुभ ठरला. त्या सालीं त्यानें ३४ सामन्यांत ६ विजय मिळविले, १८ सामने बरोबरींत सोडविले आणि १० गमावले. विद्यार्थ्यांनीं आतां पेन्सिल हातीं घ्यावी. सहा त्रिक अठरा, त्यांत बरोबरीचे अठरा मिळविले म्हणजे होतात ३६. विजयास दोनांऐवजीं तीन गुण देण्याचा नियम बुंडेसलीगेंत त्याच वर्षीं प्रथम लागू झाला होता. पूर्वीं बरोबरीचें मोल विजयाच्या निम्मे असे. तें आतां तिसऱ्या हिश्श्यावर आलें. न हरण्यांत समाधान मानणाऱ्या संघास नव्या हिशेबानें चांगलाच तडाखा दिला.

शेवटचा सामना १८ मे १९९६ रोजीं लेव्हरकूझेन येथें झाला. तोहि संघ त्याच संकटांत होता. कायझर्सलाउटर्ननें प्रथम गोल केला. पण सामना संपत आला असतां प्रतिपक्षानें बरोबरी साधली. १-१ अशा त्या बरोबरीनें लेव्हरकूझेन तरला आणि कायझर्सलाउटर्न बुडाला. अंद्रेआस ब्रेमे या खेळाडूनें १९९० सालच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत विजयी गोल केला होता. तो प्रतिपक्षाच्या रूडी फ्योलरच्या खांद्यावर डोकें ठेवून रडला. हे दोघे त्या १९९० च्या विजयी संघांतील सोबती. त्या दिवशीं एक तरला होता व दुसरा बुडाला होता, तथापि मैत्री जागच्या जागीं होती.

यानंतर एकाच आठवड्यानें बर्लिन येथें जर्मन चषकाचा अंतिम सामना होता. पराभवाच्या शोकांत बुडालेल्या या संघानें तेथें कार्ल्सरूहे संघास १-० असें हरवून चषक जिंकला. पण चषकामुळें दुसऱ्या वर्गांत जाणें टळलें नाहीं. अशा वेळीं चांगले खेळाडू अधिक श्रीमंत संघांकडे निघून जातात, हा नेहमींचा अनुभव आहे. येथें ब्रेमे, झेक खेळाडू काडलेक व कूका, आणि पुढील फळींतील ओलाफ मार्शल हे जागचे हलले नाहींत. मार्गदर्शक म्हणून ऑटो रेहागेल आले. रंगाऱ्याचा धंदा शिकून मग फुटबॉलकडे वळलेला हा गृहस्थ. बुंडेसलीगेच्या अगदीं पहिल्या हंगामांत तो स्वतः खेळला होता आणि पुढें कायझर्सलाउटर्नसाठींहि खेळला होता. ब्रेमन येथील संघास त्यानें १९८८ व १९९३ सालीं विजेतेपद मिळवून दिलें होतें. परंतु म्यूनिकच्या बलाढ्य बायर्न संघानें त्यास १९९६ च्या एप्रिलांत कामावरून दूर केलें होतें. म्हणजे पडलेला संघ आणि पदच्युत झालेला शिक्षक, असा हा योग जुळून आला. एका वर्षांत दुसऱ्या वर्गांत पहिला क्रमांक पटकावून हा संघ पुन्हां वर आला. १९९७ सालीं स्विस खेळाडू चिरियाको स्फोर्त्सा इटलींतून परत येऊन मिळाला, आणि केमनित्सहून मिखाएल बालाक नांवाचा एक अपरिचित तरुण आला. हाच पुढें जर्मनीचा कर्णधार झाला.

नव्या हंगामाचा पहिलाच सामना २ ऑगस्ट १९९७ रोजीं म्यूनिक येथें बायर्नविरुद्ध पडला. आदल्या वर्षीचा विजेता एका बाजूस, नुकताच खालून वर आलेला संघ दुसऱ्या बाजूस. सामना बरोबरींत सुटणार असें वाटत असतां, शेवटच्या टप्प्यांत डॅनिश खेळाडू मिखाएल श्योनबर्ग यानें गोल केला आणि पाहुण्यांनीं १-० असा विजय मिळविला. थोड्याच आठवड्यांत कायझर्सलाउटर्न गुणतक्त्याच्या माथ्यावर गेला. डिसेंबरांत बायर्न संघ टेकडीवर आला, तेव्हां त्यासहि २-० असें परतविण्यांत आलें. मार्शलनें हंगामांत २१ गोल केले. वसंत ऋतूंत बायर्ननें अंतर कमी करीत आणलें, तरी वरची जागा सुटली नाहीं. २ मे १९९८ रोजीं, एक फेरी बाकी असतांना, आपल्याचबरोबर वर आलेल्या वोल्फ्सबुर्ग संघास ४-० असें हरवून कायझर्सलाउटर्ननें विजेतेपद निश्चित केलें. कारण त्याच दिवशीं बायर्नला ड्युइसबुर्ग येथें एकहि गोल करतां आला नाहीं व त्याचा सामना ०-० असा संपला. खालच्या वर्गांतून वर येतांच पहिल्याच वर्षीं विजेता होण्याचा मान १९६३ पासून २०२५ पर्यंत दुसऱ्या कोणत्याहि संघास मिळालेला नाहीं.

आतां मुख्य हिशेब. कायझर्सलाउटर्न : १९ विजय, ११ बरोबरी, ४ पराभव, गुण ६८. बायर्न : १९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव, गुण ६६. विजय दोघांचे सारखेच! गोल तर बायर्नचेच अधिक. ६९ विरुद्ध ६३. मग फरक कोठें पडला? जे दोन सामने बायर्ननें हरून सोडले असते त्यांच्या जोडीचे दोन सामने कायझर्सलाउटर्ननें बरोबरींत राखले, एवढाच. ज्या बरोबरीनें दोन वर्षांपूर्वीं हा संघ बुडविला, तिनेंच त्यास आतां तारिलें. कारण या खेपेस तिच्या पाठीशीं १९ विजय उभे होते.

विद्यार्थ्यांनीं आणखी एक उदाहरण सोडवावें. पहिल्या दिवशींचा म्यूनिकचा सामना ०-० असा बरोबरींत सुटला असता आणि बाकी सर्व निकाल तेच राहिले असते, तर काय झालें असतें? कायझर्सलाउटर्नचे दोन गुण कमी होऊन ६६ राहिले असते आणि बायर्नचा एक वाढून ६७ झाले असते. म्हणजे मे महिन्यांतील विजयाचें पारडें ऑगस्ट महिन्यांतील एका गोलानें खालीं झुकविलें होतें. तो गोल झाला तेव्हां त्याचें हें मोल कोणास ठाऊक होतें? गुणतक्त्यास पहिला दिवस व शेवटचा दिवस हा भेद कळत नाहीं. परीक्षेच्या आधींच्या महिन्यांत दिवे जाळून जागणारे आणि जून-जुलैच्या धड्यांकडे ‘अजून अवकाश आहे’ म्हणून कानाडोळा करणारे आमचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांनीं ही बेरीज पुन्हां एकदां करून पाहावी.

या हंगामाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. १९६४ सालीं बुंडेसलीगेचा पहिलावहिला विजेता ठरलेला कोलोन शहराचा संघ ३५ हंगामांनंतर याच वर्षीं प्रथम खालच्या वर्गांत गेला. चषकाच्या सामन्यांत हरलेला कार्ल्सरूहेहि याच वर्षीं उतरला; म्योनशेनग्लाडबाख संघाचे व त्याचे गुण सारखे, ३८ होते, पण गोलांच्या फरकानें एक तरला व दुसरा गेला. पूर्वपुण्याई तक्त्यांत मांडतां येत नाहीं. हाच नियम विजेत्यासहि लागू पडला. क्रीडांगण वाढविण्याचा खर्च व कर्ज यांच्या ओझ्याखालीं कायझर्सलाउटर्नचा संघ पुढें वांकला. २००६ सालीं तो पुन्हां खालीं गेला, २०१० सालीं वर आला, २०१२ सालीं परत उतरला आणि २०१८ सालीं तर तिसऱ्या वर्गांत पोंचला. तेथून २०२२ सालीं तो दुसऱ्या वर्गांत आला, आणि २०२४ सालीं जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथें लेव्हरकूझेननें त्यास ०-१ असें हरविलें.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. एका वर्षाच्या निकालावरून मुलाचें नांव शाळेंतून काढून त्यास एखाद्या दुकानीं बसविण्याचा विचार ज्यांच्या घरीं चालला असेल, त्यांनीं १९९६ सालच्या मे महिन्यांतील कायझर्सलाउटर्नचें स्मरण करावें. त्या दिवशीं तो संघ मोडून टाकणें सोपें होतें. शिक्षक बदलला, जुने सोबती एकत्र राहिले, आणि खालच्या वर्गांतील एक वर्ष त्यांनीं मान खालीं घालून परंतु मन लावून काढलें. नापास झालेला प्रत्येक मुलगा पुढें पहिला येईल, असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं; कोणताहि प्रामाणिक शिक्षक तें देणार नाहीं. मात्र त्यास पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशीं मैदानावर उभें राहूं देणें, हें आपल्या हातीं आहे. शाळा उघडेल त्या सकाळीं त्याचें दप्तर भरलेलें असावें.