घाटातील मोटारीचा ताप



माघी पौर्णिमेच्या सुमारास आपल्या उळवीला श्रीचन्नबसवेश्वराची जत्रा भरते, तेव्हा धारवाड-बेळगावकडून येणाऱ्या बैलगाड्यांची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. चढण संपताच गाडीवान बैलांना एकदम पाणी दाखवीत नाही. जू उतरवतो, थोडे उभे करतो, पाठीवरून हात फिरवतो, मग पाणी. जनावराच्या तापाविषयी ही जाण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु त्याच रस्त्याने येणाऱ्या मोटारीच्या तापाविषयी आपण बहुतेक अज्ञानीच असतो. हे आम्ही इतरांस नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ते अज्ञान आमचेही होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात कारवारच्या इस्पितळातून आमच्या सासूबाईंना घेऊन आम्ही परतत होतो. गाडी शेजारच्या एका तरुणाची, डिझेलवर चालणारी, टर्बो असलेली. कद्रा मागे पडले आणि अणशीचा घाट सुरू झाला. गाडीत सात माणसे आणि टपावर तांदळाची पोती. निम्म्या चढावर उष्णतेचा काटा तांबड्या रेघेस टेकला व बॉनेटखालून वाफ निघू लागली. त्या तरुणाने हाताला पंचा गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवले मात्र, उकळते पाणी कारंज्यासारखे उसळून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही तेथेच उभे होतो. इतिहास व मराठी घेऊन पदवी मिळवलेल्या माणसास त्या क्षणी ‘थांब’ एवढे म्हणण्याचेही सुचले नाही.

झाकण उघडताच पाणी का उसळले, हे प्रथम समजून घेऊ. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सियसला उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढू देते. बाहेरच्यापेक्षा एका वातावरणाइतका दाब अधिक असेल, तर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे ११० अंशांचे पाणी आत निमूट बसलेले असते. झाकण उघडले की दाब जातो, आणि तेच पाणी तत्क्षणी उकळू लागते. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे, वरची नळी हातास कोमट लागेपर्यंत झाकणास शिवू नये. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतणे हेही तितकेच वाईट. बिडाच्या ओतकामास तडा जाऊ शकतो.

आता टर्बोकडे वळू. इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाके फिरवण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच धुराबरोबर निघून जाते व उरलेली बहुतेक रेडिएटरच्या पाण्यास घ्यावी लागते. वाया जाणाऱ्या त्या धुराकडूनच काम करून घ्यावे, ह्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याने १९०५ साली घेतले. धुराच्या जोराने एक लहानसे चाक फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते.

परंतु दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दहा-वीस वेळा हवा भरा, म्हणजे पंपाचा खालचा भाग ऊन लागेल. (त्यात थोडा वाटा घर्षणाचाही असतो.) ३० अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली, तर प्रत्यक्षात ती सव्वाशे अंशांच्या जवळपास पोहोचते. तापलेली हवा विरळ. म्हणजे जे मिळवले त्यातील बरेचसे गमावले. म्हणून टर्बो आणि इंजिन ह्यांच्या मध्ये इंटरकूलर नावाची जाळी बसवतात. तिने हवा ५० अंशांवर आणली, तर त्याच दाबाखाली तेवढ्याच जागेत जवळजवळ पावपट अधिक हवा मावते.

हे सारे आम्हांस एका वृद्ध मेस्त्रींनी अंगणात काडीने रेघा ओढून समजावले. “मास्तर, नवीन काही घालण्याआधी जुने स्वच्छ करा,” असे ते म्हणाले, आणि त्यांचेच खरे ठरले. त्या गाडीत इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे होता, आणि दोहोंच्या मधल्या फटीत तांबडी माती, गवताचे बी व मेलेले किडे ह्यांचा नमदा झाला होता. जोयड्याच्या जंगलवाटांवर फिरणाऱ्या कोणत्याही गाडीत तो सापडेल. आम्ही पाण्याची मंद धार आतून बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, सोडली. जोराची धार वापरली तर पातळ पत्रे मुडपतात. जे आधीच मुडपले होते ते बांबूच्या बोथट काडीने एकेक सरळ केले. ह्यात एक आख्खा रविवार गेला. खर्च काहीच नाही.

दुसरे काम फटी बुजवण्याचे. वारा आळशी असतो. दाट जाळीतून जाण्यापेक्षा बाजूच्या मोकळ्या जागेतून निसटणे त्यास सोपे. रेडिएटरच्या कडा व चौकट ह्यांमध्ये दोन बोटे अंतर होते. मोटारीच्या दारांस लावतात तशी रबरी पट्टी तेथे चिकटवली. पंख्याभोवतीचे आवरण एका बाजूने तुटलेले होते, ते तारेने बांधून घेतले. त्या आवरणावाचून पंखा स्वतःभोवतीचीच हवा घुसळत राहतो.

तिसरे, हवा आत घेणारी नळी आपल्या जागेवरून सुटून बॉनेटखालची तापलेली हवाच ओढत होती. ती पुन्हा बाहेरच्या तोंडास जोडली. येथे एक इशारा देतो. अधिक गार हवेच्या मोहाने हे तोंड खाली आणू नये. पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना नळीतून पाणी आत गेले, तर इंजिनाचा चुराडा होईल. चौथे काम अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे. डिझेल गाडीचा धूर टर्बोत ६००-७०० अंशांपर्यंत तापलेला असू शकतो, म्हणून टर्बो व जवळच्या रबरी नळ्या ह्यांच्या मध्ये मोकळी जागा ठेवून पत्र्याचा आडोसा केला. कापड वा गोणपाट कदापि गुंडाळू नये. त्यावर तेलाचा थेंब पडला की आग. सर्व मिळून पाचशे रुपयेही लागले नाहीत. गाडी हमीच्या मुदतीत असती, तर मात्र कारखान्यास विचारल्यावाचून पत्रा बसवला नसता.

एक प्रयोग फसला म्हणावा की साधला म्हणावा, हे सांगणे कठीण. काच धुण्याची जुनी बाटली व तिचा छोटा पंप घेऊन इंटरकूलरवर उदकाचा फवारा मारण्याची सोय केली. (घरी कोंकणी बोलणाऱ्यास ‘उदक’ हा शब्द सोडवत नाही.) तत्त्व मातीच्या माठाचेच. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सहा-सात लिटर गार पाणी उकळीस येईल. वैशाखात फवाऱ्याने चढणीवर गाडी स्पष्ट हलकी वाटली. श्रावणात हवाच ओलसर, वाफ होणार कशी? शिवाय विहिरीच्या पाण्यातील क्षार जाळीवर पांढरे जमू लागले, तेव्हा आम्ही ती बाटली काढून ठेवली.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नये. इंजिन गारठलेले राहिले तर इंधन अधिक जळते व झीज वाढते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी घालण्याऐवजी कारखान्याने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट घालावे. ते उत्कलनबिंदू वाढवते आणि गंज रोखते. आणि जत्रेच्या दिवसांत गाडीपुढे केळीचे खांब, झेंडूच्या माळा व फलक बांधून रेडिएटरचे तोंड झाकतात, तेवढे तरी घाट चढेपर्यंत टाळावे. माळ टपावर बांधली म्हणून देव रागावणार नाही.

चढावर काटा वर जाऊ लागला, तर वातानुकूलन बंद करून गाडीतील हीटर पूर्ण सोडावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटते, परंतु हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच होय. खालचा गिअर टाकून सावकाश चढावे. काटा तांबड्या रेघेखाली असेल, तर माथ्यावर पोहोचताच इंजिन बंद न करता मिनिट-दोन मिनिटे संथ चालू ठेवावे. टर्बोच्या दांड्यास तेलच आधार देते व तेलच गार करते; एकदम बंद केल्यास थांबलेले तेल करपून त्याचा कोळसा धरतो.

गेल्या वैशाखात त्याच गाडीने, तेवढीच माणसे घेऊन, आम्ही पुन्हा अणशी चढलो. काटा निम्म्याच्या किंचित वर गेला व तेथेच राहिला. त्या तरुणाच्या हातावर डाग आहे; मूठ पूर्वीसारखी वळते. माथ्यावर गाडी उभी करून तो इंजिन बंद करीना, तेव्हा मागून सासूबाईंनी विचारले, “आता कोणाची वाट पाहता?” रबरी पट्टी तेवढी पहिल्या पावसात एका टोकास सुटली, ती पुन्हा चिकटवायची आहे.