पाठीचा कणा : संज्ञांचा नेमका अर्थ

पाठीच्या कण्यात जन्मतः साधारणतः ३३ मणके असतात. प्रौढपणी त्रिकास्थी व माकडहाडाचे मणके सांधले जाऊन अस्थींची संख्या २६ उरते. मानेत मणके ७, परंतु मज्जातंतूंच्या जोड्या ८, हे परीक्षार्थींनी विशेष ध्यानात ठेवावे. व्यवहारात मानदुखीला सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हटले जाते. वास्तविक तो मणक्यांचा दाह होय. वयोमानानुसार मणक्यांची व चकत्यांची होणारी झीज म्हणजे ‘स्पॉन्डिलोसिस’.

खरा वाद आहे तो ‘सबलक्सेशन’ या शब्दाचा. वैद्यकशास्त्रात त्याचा अर्थ सांधा अंशतः निखळणे असा आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे कायरोप्रॅक्टिकचा पाया घालणाऱ्या डी. डी. पामर यांनी मात्र मणक्यांच्या विस्थापनालाच बहुतेक रोगांचे मूळ ठरविले. या कल्पनेस शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. तरीही हातांनी मणके हलविण्याचा उपचार सर्वस्वी त्याज्य ठरत नाही : जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील पर्यायांत त्याचा समावेश केला. परंतु पायांतील बळ जाणे, लघवीवरील नियंत्रण सुटणे ही लक्षणे कण्याच्या तळाशी असलेल्या ‘कॉडा इक्विना’ या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची असू शकतात. अशा रुग्णास मालिश करीत बसू नये. त्याला बहुधा तातडीची शस्त्रक्रिया लागते.