राक्षस जपून वापर

चि. सोनू यास,


रविवारी तुमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव मी कोपऱ्यात बसून पाहिला. गोष्ट चालवणारा डंजन मास्टर म्हणून तू घेतलेली मेहनत दिसली. पण तीन तासांत अकरा राक्षस आले, आणि शेवटचा ट्रोल आला तेव्हा तुझी मैत्रीण फोन बघत होती. दोष तिचा नाही. जे दर वळणावर भेटतं, त्याची भीती मरते. या खेळाच्या १९७७ सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसांच्या पुस्तकातच साडेतीनशेहून जास्त प्राणी होते. ते कोठार आहे, सगळं एकाच पंगतीत वाढू नकोस.

रुद्रप्रयागचा बिबट्या आठव. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे त्याने १२५ माणसं मारली. जनावर एकच, पण अंधार पडला की दारं बंद व्हायची, वाटा ओस पडायच्या. लोक त्याला सैतान मानू लागले होते. शिकारी जिम कॉर्बेटने शेवटी त्याला टिपलं, तेव्हा पुढ्यात पडला होता तो साधा, म्हातारा बिबट्या. तो एवढा मोठा झाला, तो लोकांच्या धास्तीमुळे.

तुझ्या ट्रोललाही पोट आहे, हे विसरू नकोस. एका वाघाला वर्षाकाठी पन्नासेक हरणांएवढी शिकार लागते. मग बैलाएवढा ट्रोल राहतो त्या दरीत मेंढ्या किती उरतील? आणि तिथे पाच ट्रोल जगतील कसे? हा हिशेब मांडलास की राक्षस आपोआप कमी होतील, आणि खरेही वाटतील.

पुढच्या डावात ट्रोल दाखवूच नकोस, गाव दाखव. दिवस मावळायच्या आत शेळ्या घरात घेणारी म्हातारी. दार जुनं, किडलेलं, पण त्याला आतून लावलेला अडसर कोऱ्या लाकडाचा. पुलापलीकडची चांगली काळी जमीन, तीन वर्षं नांगर न लागलेली. ‘तिकडे कोण राहतं?’ असं खेळाडूंनी विचारलं, तर कुणी नाव घेऊ नये. आपली आजी रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणायची ना, तसंच.

तिसऱ्या डावाला ट्रोल येऊ दे. एकच. आणि तो मेला, की त्या रात्री म्हातारीला शेळ्या अंगणात बांधू दे.

तुझा,
काका